विमान पडणारच, खर्च आधीच धरा

रिमोटवर उडणारं विमान घ्यायला निघालेला माणूस दुकानात एकच प्रश्न विचारतो, "केवढ्याला आहे?" त्याहून महत्त्वाचा प्रश्न तो विचारत नाही: हे कोसळलं तर नुकसान केवढ्याचं, आणि कोणाचं?

नवशिक्याचं विमान पडतं. मुरलेल्याचंही पडतं, फक्त कमी वेळा. म्हणून या छंदात पैसा आणि धोका यांच्या दोन वेगळ्या वह्या ठेवता येत नाहीत. तेच विमान त्याच वेगानं मोकळ्या माळावर कोसळलं तर शंभर-दीडशे रुपयांचा प्रोपेलर आणि चार ग्लू स्टिक एवढ्यावर भागतं. मुलं खेळत असलेल्या मैदानावर कोसळलं तर त्याची किंमत रुपयांत मांडता येत नाही. विमान दोन्हीकडे तेच असतं. वेगळे असतात ते उडवण्याआधी घेतलेले पाच-सहा निर्णय. ते कोणते आणि प्रत्येकामागचं कारण काय, हे इथे क्रमानं पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. हा लेख पंखांच्या विमानाबद्दल आहे, चार पंख्यांच्या कॅमेरा ड्रोनबद्दल नाही. चांगल्या ड्रोनच्या रिमोटवरच्या स्टिक सोडून दिल्या की तो जागच्या जागी तरंगत थांबतो. विमानाला ती सोय नाही. ते पुढे जात राहिलं तरच वर राहतं, आणि ते पुढे कुठे जातंय याची जबाबदारी सतत तुमच्या दोन अंगठ्यांवर असते.

पैसे कुठे जातात

शिकण्यासाठीच्या विमानाला 'ट्रेनर' म्हणतात. एक ते सव्वा मीटर पंखविस्तार, वजन किलोच्या आत-बाहेर, पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले. या ठेवणीमुळे विमान कललं तरी आपोआप सरळ व्हायला बघतं. धड आणि पंख फोम बोर्डाचे किंवा साच्यातल्या फोमचे असतात.

आतली मांडणी साधी आहे. तुमच्या हातातला ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर संदेश पाठवतो. विमानातला रिसीव्हर तो पकडतो आणि सर्वोंना सांगतो. सर्वो म्हणजे काडेपेटीहून लहान अशी मोटार. ती बारीक तारेनं पंखावरचे आणि शेपटीवरचे हलते भाग वरखाली करते. पंखावरचे एलेरॉन विमानाला कलंडवतात, आडव्या शेपटीवरचा एलिव्हेटर नाक वर-खाली करतो, उभ्या शेपटीवरचा रडर नाक डावी-उजवीकडे नेतो. बॅटरी आणि मोटार यांच्यामध्ये ईएससी असतो. मोटारीला किती वीज द्यायची ते तो ठरवतो आणि रिसीव्हर-सर्वोंसाठी ५ व्होल्टचा पुरवठाही बहुधा तोच करतो.

ठोकळमानाने किमती अशा आहेत. दुकानागणिक आणि डॉलरच्या भावानुसार त्या हलतात. फोमचं धड व पंख १,००० ते २,५०० रुपये. मोटार ४०० ते ७००. तीस अँपिअरचा ईएससी ४०० ते ८००. चार सर्वो मिळून ४०० ते ८००. प्रोपेलर ६० ते १५०. तीन सेलची २,२०० एमएएच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी १,५०० ते २,५००. रिसीव्हरसकट सहा चॅनेलचा ट्रान्समीटर ४,५०० ते ६,५००. सेल समतोल राखून चार्ज करणारा चार्जर १,५०० ते ३,५००. एकूण बेरीज १० हजारांपासून १७ हजारांपर्यंत जाते.

या यादीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. ट्रान्समीटर आणि चार्जर हे दोन मिळून सहा ते दहा हजार होतात, म्हणजे निम्म्याच्या वर. आणि ते कधी हवेत जातच नाहीत. जे कोसळणार आहे ते यादीतलं स्वस्त सामान आहे. म्हणून पहिला निर्णय असा: जमिनीवर राहणाऱ्या वस्तू चांगल्या घ्यायच्या, हवेत जाणाऱ्या साध्या. नवशिके नेमकं उलटं करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरची देखणी प्रतिकृती घेतात आणि चार्जरवर पैसे वाचवतात. स्पिटफायर पहिल्या रविवारी जाते. स्वस्त चार्जर घरातच राहतो आणि त्याचा धोकाही घरातच राहतो.

यापुढच्या पायऱ्या महाग आहेत. बाल्साच्या लाकडाची, ग्लो किंवा पेट्रोल इंजिनाची विमानं कित्येक हजारांत जातात. खऱ्या टर्बाइनवर चालणाऱ्या जेटचं इंजिनच लाखांच्या घरात असतं. ग्लो इंजिनाच्या इंधनात मिथेनॉल असतं. ते विषारी आहे, आणि त्याची ज्वाळा लख्ख उन्हात जवळजवळ दिसत नाही. अमेरिकेतल्या हौशी उड्डाणकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेत, म्हणजे १९३६ साली स्थापन झालेल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्समध्ये, टर्बाइन उडवायला सदस्याला वेगळी परवानगी काढावी लागते. हा रस्ता ट्रेनरवर हात बसल्यानंतरचा आहे.

कोसळण्याची चार कारणं

पहिलं कारण दिशेचा गोंधळ. विमान तुमच्यापासून दूर जात असताना उजवी स्टिक त्याला तुमच्या उजवीकडे नेते. तेच तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की उजवी स्टिक त्याला तुमच्या डाव्या हाताला नेते. कागदावर हे सोपं वाटतं. हवेत ते उमगायला एखादा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात सेकंदाला १५ मीटर वेगाचं विमान तेवढं अंतर कापून गेलेलं असतं. यावर एक खूण उपयोगी पडते: विमान समोरून येत असेल तर त्याचा जो पंख खाली झुकलेला दिसेल त्याच बाजूला स्टिक न्यायची. ही सवय बोटांत मुरेपर्यंत ४०-५० मीटर उंची सोडायची नाही. पंधरा मीटरवरून नाक खाली घालून सेकंदाला २० मीटर वेगानं येणारं विमान सावरायला पुरता एक सेकंदही मिळत नाही.

दुसरं कारण स्टॉल. पंखावरून हवा ठराविक कोनापर्यंतच चिकटून वाहते. वेग कमी झाला आणि तुम्ही नाक वर खेचतच राहिलात तर तो कोन ओलांडला जातो, हवा पंख सोडते आणि विमान एका अंगावर गळून पडतं. वळणात हे आणखी लवकर घडतं. ६० अंशांत कललेल्या आणि उंची टिकवून घेतलेल्या वळणात पंखांवर दुप्पट भार येतो, त्यामुळे ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ जाताना सुरक्षित असलेला वेग वळणात अपुरा पडतो तो असा. शिवाय वारा पाठीमागून असला की जमिनीच्या मानानं विमान फार वेगात चाललंय असं वाटतं, नवशिक्या मोटार कमी करतो, आणि प्रत्यक्षात पंखांवरची हवा त्या दिसणाऱ्या वेगाहून मंद असते. उतरण्याआधीचं शेवटचं, कमी उंचीवरचं वळण हे या छंदातलं सगळ्यांत खर्चिक ठिकाण आहे. तिथे थोडी मोटार चालू ठेवायची आणि वळण रुंद घ्यायचं.

तिसरं कारण तोल. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण रुंदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर हवा. दोन बोटांच्या टोकांवर, पंखांच्या खालून विमान त्या रेषेवर उचलून बघायचं. नाक किंचित खाली झुकलं तर चालतं. असं विमान जड वागतं, लवकर उतरतं, पण ताब्यात राहतं. शेपूट खाली गेली तर उडवायचंच नाही. अशा विमानाला एलिव्हेटरचा जरासा स्पर्शही फार होतो, नाक उसळतं, आणि सावरण्याची प्रत्येक धडपड ते जास्त बिघडवते. उपाय फुकटचा आहे: बॅटरी पुढे सरकवायची.

चौथं कारण इलेक्ट्रॉनिक्सचं. जुन्या काळी, युरोपात ३५ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर विमानं उडत तेव्हा एकाच चॅनेलवर दोघांनी ट्रान्समीटर चालू केला की दुसऱ्याचं विमान खाली येई. त्यासाठी मैदानावर फळी असे आणि ज्याच्या हातात त्या चॅनेलची खुंटी तोच उडवी. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटनी ही कटकट संपवली, कारण प्रत्येक ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरशी जोडलेला असतो. पण संपर्क तुटण्याची शक्यता संपली नाही. रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, कारण अँटेनाच्या टोकाच्या दिशेनं लहरी क्षीण पकडल्या जातात. त्या कार्बन फायबरपासून आणि बॅटरीपासून लांब ठेवायच्या. उड्डाणाच्या दिवशी ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणीवर ठेवून तीस-चाळीस पावलं दूर जाऊन सगळे भाग हलतात का ते बघायचं. आणि 'फेलसेफ' लावायचा. संपर्क तुटला तर मोटार बंद व्हावी, एवढी सूचना रिसीव्हरला आधी देऊन ठेवणं म्हणजे फेलसेफ. काही स्वस्त सेटमध्ये तो आपोआप लागलेला नसतो. मोटार पूर्ण गतीवर आणि ताबा सुटलेलं विमान गावाच्या दिशेनं जाणं यापेक्षा वाईट शक्यता या छंदात नाही.

या चौथ्या कारणातच एक आळस मोडतो: एलेरॉन उलटे हलत आहेत हे न बघणं. दुरुस्तीनंतर सर्वोची दिशा उलटी झालेली असते. विमान हातातून सुटतं, उजवीकडे कलतं, तुम्ही डावी स्टिक देता आणि ते आणखी उजवीकडे लोळतं. उड्डाणाआधी मागे उभं राहून उजवी स्टिक द्यायची: उजवा एलेरॉन वर, डावा खाली. पाच सेकंद लागतात.

पातं आणि वेग

माणसाला होणाऱ्या इजांमध्ये प्रोपेलरचा वाटा मोठा आहे, आणि त्या बहुतेक वेळा विमान जमिनीवर असतानाच होतात. दहा इंची प्रोपेलर मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२० मीटर, म्हणजे ताशी ४३० किलोमीटर होतो. विद्युत मोटारीचा एक खास दुर्गुण आहे. ग्लो इंजिन बंद असलं तर बंद असतं. विद्युत मोटार बॅटरी जोडल्या क्षणापासून तयार असते; मोटारीचा वेग वाढवणाऱ्या थ्रॉटलच्या स्टिकला शर्टाची बाही लागली तरी ती पूर्ण वेगानं फिरते. बोट मध्ये आलं तर ग्लो इंजिन कधीकधी अडकून थांबतं, विद्युत मोटार मात्र जोर लावत राहते.

म्हणून क्रम पाठ हवा. आधी ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल खाली, मोटार बंद ठेवणारा स्विच लावलेला. मग विमानातली बॅटरी. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग ट्रान्समीटर बंद. टेबलावर जुळवाजुळव करताना प्रोपेलर काढूनच ठेवायचा. बॅटरी जोडल्यानंतर प्रोपेलरच्या पुढे किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

उडत्या विमानाचा हिशेबही करून बघण्यासारखा आहे. एक किलोचं विमान सेकंदाला १५ मीटर वेगानं चाललं असेल तर त्यात सुमारे ११२ ज्यूल ऊर्जा असते. चौथ्या मजल्यावरून टाकलेल्या किलोभर वजनाएवढी. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, ४५० ज्यूल, म्हणजे पंधराव्या मजल्याएवढी. फोमचं नाक त्यातली काही ऊर्जा चेपून घेतं, पण मोटार आणि बॅटरी हे टणक ऐवज त्या नाकाच्या मागेच असतात. वेगवान विमान नवशिक्याला नको म्हणतात ते एवढ्यासाठी. हलकं आणि हळू विमान चुकायला वेळ देतं आणि चुकलं तर कमी मारतं.

यातून माणसं मेलेली आहेत. ९ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात मॉडेल विमानांचं प्रदर्शन ठेवलं होतं. गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचं एक विमान प्रेक्षकांत घुसलं. दोन जण जखमी झाले आणि त्यातल्या एकाचा पुढे मृत्यू झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्रुकलिनच्या कॅल्व्हर्ट वॉक्स पार्कमध्ये १९ वर्षांच्या एका तरुणाचा त्याच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला. तो नवशिक्या नव्हता. पहिल्या घटनेत खाली गर्दी होती, दुसऱ्या घटनेत उडवणारा आणि यंत्र यांच्यातलं अंतर कमी होतं. दोन्हीकडे कमी पडलं ते अंतर. जगभरच्या क्लबांचे नियम पाहिले तर त्यांचा गाभाही अंतर हाच असतो: उडवणारे एका रेषेवर उभे, प्रेक्षक आणि गाड्या त्यांच्या मागे, विमान कायम रेषेच्या पुढे. माणसांच्या डोक्यावरून कधीच नाही.

बॅटरी: घरात येणारा धोका

लायपो बॅटरीशिवाय विजेवरच्या विमानांचा आजचा छंद जवळजवळ शक्य नाही, कारण एवढ्या कमी वजनात एवढी वीज दुसरी कुठली स्वस्त बॅटरी देत नाही. तोच तिचा धोका. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. त्याच्यावर भरला तर आत रासायनिक बिघाड सुरू होतो आणि सेल पेट घेऊ शकतो. ३ व्होल्टच्या खाली उतरवला तर तो कायमचा खराब होतो, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणंही धोक्याचं. आपटून चेपलेला किंवा भोक पडलेला सेल आतल्या आत शॉर्ट होतो. ही आग लगेच लागेलच असं नाही. म्हणून कोसळलेल्या विमानातली बॅटरी काढून अर्धा तास तरी उघड्यावर, कोरड्या गवतापासून लांब ठेवायची. ती गाडीच्या डिकीत टाकून घरी निघायचं नाही.

चार्जिंगचे नियम थोडे आणि कडक आहेत. २,२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरने, म्हणजे साधारण तासाभरात भरायची. चार्जरवर सेलची संख्या आणि बॅटरीचा प्रकार दोनदा वाचायचा. पांढरी समतोल तार जोडल्याशिवाय चार्ज करायचं नाही. चार्जिंग चालू असताना घराबाहेर जायचं नाही, झोपायचं तर नाहीच. बॅटरी फरशीवर, विटांच्या मध्ये किंवा मातीच्या कुंडीत ठेवायची. जवळ कोरड्या वाळूची बादली. पेटलेल्या लायपोचा धूर विषारी असतो, त्यात तोंड घालून ती वाचवायला जायचं नाही. वाळू टाकून आग पसरू न देणं आणि दारं-खिडक्या उघडून बाहेर पडणं एवढंच करायचं. फुगलेली बॅटरी वापरायची नाही. लहान बल्ब जोडून ती पूर्ण रिकामी करायची आणि ई-कचऱ्यात द्यायची. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा. पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी हळूहळू खराब होते आणि फुगू शकते. मे महिन्यात बंद गाडीत तर कुठलीच लायपो ठेवायची नाही.

उड्डाण किती वेळ करायचं तेही बॅटरीच ठरवते. क्षमतेच्या ८० टक्केच वापरायची, म्हणजे २,२०० पैकी १,७६०. विमान सरासरी १२ अँपिअर ओढत असेल तर पावणेनऊ मिनिटं मिळतात. ट्रान्समीटरचा गजर सात मिनिटांवर लावायचा, कारण पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला तर पुन्हा चक्कर मारायला वीज उरली पाहिजे.

आपलं मैदान

महाराष्ट्रात उडवणाऱ्याला परदेशी पुस्तकात नसलेले धोके भेटतात. उभ्या उसात विमान गेलं की ते दहा फुटांवर असूनही सापडत नाही. शे-दोनशे रुपयांचा गजर विमानात बसवला तर तो संपर्क तुटल्यावर ओरडत राहतो. मात्र उसात शिरण्याआधी शेतकऱ्याला विचारायचं; त्याचा मोडलेला ऊस हाही तुमच्याच खर्चात धरायचा. संक्रांतीच्या आगेमागे मांजा असतो, तो प्रोपेलरला गुंडाळला की मोटार जागीच अडकते. घारी कधीकधी विमानाला प्रतिस्पर्धी समजून झेप घेतात. घार जवळ आली तर उंची सोडून दूर जायचं, कारण जखमी पक्षी ही काही खेळातली गोष्ट नव्हे.

सगळ्यांत मोठा धोका विजेच्या तारांचा. तारांवर अडकलेलं विमान काठीनं, दोरीनं, गज घेऊन काढायला जाणं म्हणजे जीव देणं. विमान तिथेच सोडायचं आणि महावितरणला कळवायचं. एनसीसीच्या हवाई शाखेतले कॅडेट एरोमॉडेलिंग शिकतात. त्यात हातातल्या दोन तारांना बांधून गोल फिरणारं 'कंट्रोल लाइन' विमानही असतं. तिथे उडवणाऱ्याच्या हातात थेट धातूची तार असल्यामुळे मैदानाजवळ वीजवाहिनी असणं आणखी घातक.

वेळ सकाळची निवडावी. उन्हानं जमीन तापण्याआधी वारा मंद आणि एकसारखा असतो. दुपारी हवेचे झोत उसळतात आणि किलोभराचं फोमचं विमान ते खेळण्यासारखं फेकतात. सकाळी मैदानावर माणसंही कमी असतात.

कायदा

भारतात ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत आणि रिमोटचं विमान त्यांच्या कक्षेत येतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २५० ग्रॅम ते २ किलो मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल अशी वर्गवारी आहे. २५ किलोपर्यंतचं, केवळ शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवलेलं विमान 'मॉडेल' धरलं जातं आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही. नॅनोला, तसंच व्यवसायासाठी नसलेल्या मायक्रोला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण तेवढ्यावरून आपल्याला नियमच लागू नाहीत असं समजणं चूक. नोंदणी, विमा आणि हवाई क्षेत्र यांचे नियम आहेत. तृतीय पक्षाच्या विम्यातून सूट आहे ती नॅनोला, तुमच्या किलोभराच्या ट्रेनरला नाही. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

हवाई क्षेत्राचे तीन रंग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाची, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी लागते. नकाशावर लोहगाव विमानतळ मध्यभागी ठेवून १२ किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर पुण्याचा मोठा भाग आत येतो. मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ ठेवून काढलंत तर दादर, चेंबूर, पवई, गोरेगाव आत येतात. त्यावर मुंबई पोलीस वेळोवेळी प्रतिबंधात्मक आदेश काढून ड्रोन, रिमोटची लहान विमानं, पॅराग्लायडर यांना ठराविक काळ बंदी घालतात. म्हणून नकाशा ज्या दिवशी उडवायचं त्या दिवशी बघायचा आणि मैदानाच्या मालकाची परवानगी लेखी घ्यायची. परदेशातून काही मागवणार असाल तर आणखी एक: फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. पूर्ण जोडलेलं मॉडेल कस्टममध्ये अडकण्याची शक्यता धरूनच मागवावं.

शिकण्याचा स्वस्त क्रम

सगळ्यांत स्वस्त अपघात संगणकावर होतो. ट्रान्समीटर केबलनं संगणकाला जोडून सिम्युलेटरवर उडवता येतं. केबल काही शे रुपयांची आणि पिकासिमसारखा सिम्युलेटर फुकट मिळतो. समोरून येणारं विमान सरळ ठेवणं आणि ठरलेल्या जागी उतरवणं या दोन गोष्टी तिथे दहापैकी नऊदा जमल्याशिवाय मैदानावर जाऊ नये.

मैदानावर एकट्यानं जाऊ नये. जाणकार माणूस पहिलं उड्डाण स्वतः करतो, विमान सरळ जाईल असं लावून देतो आणि मग उंचीवर स्टिक तुमच्या हातात देतो. दोन ट्रान्समीटर जोडता आले तर आणखी बरं. तुमचं चुकलं की तो एका स्विचनं ताबा परत घेतो. विमानात तोल सांभाळणारा जायरो बसवता येतो आणि तो वाऱ्यात खरंच मदत करतो. पण समोर झाड आहे की माणूस, हे त्याला कळत नाही.

आणि वर्षाचा खर्च? सुट्टीच्या दिवशी नियमानं उडवणाऱ्या नवशिक्यानं पहिल्या वर्षासाठी हे धरून चालावं: डझनभर प्रोपेलर १,२०० रुपये, फोमची दोन नवी धडं ३,०००, एक नवी बॅटरी २,०००, सर्वो आणि मोटारीचा शाफ्ट मिळून १,०००, ग्लू आणि टेप ५००. एकूण ७,७००, वर मैदानापर्यंतचं पेट्रोल आणि विम्याचा हप्ता. म्हणजे खरेदीच्या जवळपास निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम पहिल्याच वर्षी पुन्हा लागते. हे पैसे वाया गेले असं मानू नका. ही शिकण्याची फी आहे आणि ती भरण्याची तयारी नसेल तर पहिली खरेदीच करू नये.

पंधरा हजार हाताशी असतील तर दहा हजारांचंच सामान घ्या आणि पाच हजार पडझडीसाठी बाजूला ठेवा. विमान वाचवायचं की समोरची माणसं, अशी वेळ आली तर मोटार बंद करून विमान रिकाम्या जागी खुशाल आपटा. धडाचे हजार-दोन हजार रुपये गेले तरी तो सौदा स्वस्तच आहे.